जुन्या मोटारींचे दुर्मीळ पार्ट वाहतुकीत मोडले तर भरपाई कशी मागावी

आमच्या आर्वी तालुक्यातल्या घरी वडिलांनी घेतलेली १९५६ ची फियाट ११०० आहे. महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणतात ती हीच गाडी. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचे सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असते. ते तडकले की नव्याची आशा धरण्यात अर्थ नसतो. चेन्नईच्या पुदुपेटमध्ये, दिल्लीच्या मायापुरीत, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात कोणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर पडलेले जुने हेडच शोधावे लागते. हा शोध महिनोन्‌महिने चालतो, पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि मग तो पार्ट हजार किलोमीटरचा प्रवास करून नागपूरजवळच्या वाडीतल्या गोडाऊनमध्ये उतरतो आणि तिथून दुसऱ्या गाडीने पुलगावला किंवा आर्वीला येतो. तेवढ्यात त्याला किमान चार वेळा उचलले आणि ठेवले जाते. माझ्या अनुभवात मोडतोड झाली ती प्रत्येक वेळी या चढ-उतारातच.

आजवर मी अशा तीन नुकसानींची भरपाई मागितली आहे. सिलिंडर हेडची मागणी पूर्ण बुडाली, चोरबाजारातून आणलेल्या पुढच्या जाळीची निम्मी रक्कम मिळाली आणि समोरच्या काचेची जवळजवळ सगळी मिळाली. तिन्ही वेळी वस्तू सारखीच मोडलेली होती आणि माझी बाजूही सारखीच खरी होती. फरक होता तो पार्ट निघण्यापूर्वी आणि हातात पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तयार झालेल्या कागदांचा. म्हणून या लेखातही त्या दोन टप्प्यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

किंमत आधी कागदावर आणा

नव्या पार्टला छापील किंमत असते आणि कंपनीचे बिल असते. सत्तर वर्षांपूर्वीच्या पार्टला यातले काहीच नसते, त्यामुळे नुकसान झाल्यावर समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या भंगाराचे एवढे पैसे कसे? या प्रश्नाचे उत्तर पार्ट साबूत असतानाच तयार ठेवावे. विकणाऱ्याकडून साधे का होईना, पण तारखेचे, सहीचे आणि नेमक्या वर्णनाचे बिल घ्यावे. 'जुने मोटार पार्ट, एक नग' असे बिल निरुपयोगी असते. गाडीचे नाव, मॉडेल, पार्टचे नाव, त्यावर ओतीव अक्षरांत असलेला क्रमांक आणि 'तडा नाही, पृष्ठभाग सपाट, आटे शाबूत' अशी स्थिती बिलावर हवी. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. रोखीने पाचपन्नास रुपये सुटत असतील, पण मागे पुरावा राहत नाही. त्याच पार्टची दुसऱ्या दोन विक्रेत्यांकडून लेखी किंमत मागवून ठेवावी, आणि पार्ट फार महाग असेल तर एखाद्या ऑटोमोबाइल अभियंत्याकडून किंवा जुन्या गाड्यांच्या क्लबकडून मूल्याचे पत्र घ्यावे.

विकणारा पार्ट बांधण्यापूर्वी त्याला व्हिडिओ काढायला सांगावे. त्यात पार्ट चारही बाजूंनी, त्यावरचा क्रमांक, आतले बांधकाम आणि शेवटी बंद झालेली पेटी एका सलग चित्रणात दिसली पाहिजे. त्याच वेळी त्याच्याकडून दोन ओळींचे अधिकारपत्रही मागून घ्यावे: 'या मालाच्या नुकसानभरपाईबाबत कार्यवाही करण्याचा अधिकार मी माल घेणाऱ्यास देत आहे.' अनेक कुरिअरच्या अटींनुसार मागणी फक्त पाठवणारा करू शकतो, आणि पैसे मिळून गेलेला विक्रेता तीन महिन्यांनी फोन उचलेलच असे नसते. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार विक्रेत्याने वाहतूकदाराशी वाजवी करार करणे ही त्याची जबाबदारी असते, आणि तसा करार न केल्यामुळे माल खराब झाला तर 'वाहतूकदाराच्या हाती दिला म्हणजे मला दिला' हे मान्य करण्यास घेणारा नकार देऊ शकतो. ही तरतूद विक्रेत्याला आधीच प्रेमाने सांगितलेली बरी; त्याने बांधणीतही फरक पडतो.

बिल्टीवर काय लिहून घ्यावे

माझी पहिली मागणी बुडण्याचे निम्मे कारण बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर होते. हेड मी २८,००० रुपयांना घेतले होते, भाडे ६५० रुपये होते आणि विक्रेत्याने बिल्टीवर किंमत लिहिली होती २,००० रुपये. त्याला वाटले, किंमत कमी लिहिली म्हणजे कटकट कमी. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते, आणि ही दहापट पाठवणाऱ्याने घोषित केलेल्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. माझ्या बाबतीत दहापट म्हणजे ६,५०० रुपये झाले असते, पण घोषित किंमत २,००० असल्याने मागणी तिथेच खुंटली. खरी किंमत लिहिली असती तरीही ६,५०० च्या वर जाता आले नसते. त्यासाठी दुसरी वाट धरावी लागते.

ती वाट याच कायद्यात आहे. पाठवणाऱ्याने मालाची खरी किंमत घोषित करून वाढीव जोखमीचा दर देण्याचे मान्य केले, तर दहापटीची मर्यादा राहत नाही. हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट शब्दांत मागावे लागते, जादा पैसे भरावे लागतात आणि त्याचा उल्लेख पावतीवर करून घ्यावा लागतो. बुकिंग क्लार्क बहुधा 'असे काही नसते' म्हणेल. अशा वेळी मालाच्या अग्रेषण पत्रावर (माल सोपवताना पाठवणारा भरून देतो त्या पत्रावर) किंमत आणि वाढीव दराची मागणी स्वतःच्या हाताने लिहून त्याची प्रत ठेवावी, आणि तरीही नकार मिळाला तर वेगळा विमा घ्यावा किंवा दुसरा वाहतूकदार शोधावा. घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही याच कायद्यात 'सार्वजनिक वाहतूकदार' या व्याख्येत येतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

बिल्टीवर छापलेल्या 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) या शब्दांना घाबरून मागणी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या शब्दांनी वाहतूकदाराचा हलगर्जीपणा माफ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका वाहतूकदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र १९९६ साली त्याच न्यायालयाने कुरिअरच्या एका प्रकरणात असेही म्हटले आहे, की पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर भरपाईची मर्यादा असेल तर ती त्याच्यावर बंधनकारक राहते. म्हणून घाबरू नये, पण सही करण्यापूर्वी मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत.

किंमत कमी लिहिण्याचा मोह आणखी एका कारणाने होतो. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल दुसऱ्या राज्यातून येताना ई-वे बिल (जीएसटीखालचा ऑनलाइन वाहतूक दाखला) लागते, आणि ते टाळायला ७०,००० चा पार्ट ४५,००० चा दाखवला जातो. यात कायदा मोडतोच, शिवाय पुढे ग्राहक आयोगासमोर किंवा विमा कंपनीसमोर आपलाच कागद आपल्या विरोधात उभा राहतो. मी हे कोणालाही सुचवणार नाही.

बांधणी

विमा कंपनी असो वा वाहतूकदार, मागणी नाकारताना 'बांधणी अपुरी होती' हे कारण सर्वात आधी पुढे येते आणि ते खोडणे कठीण असते. काच आडवी ठेवू नये. लाकडी चौकटीत कडेवर उभी बसवावी, चारही कडांना जाड फेल्ट लावावे आणि चौकटीला खाली रुंद पाय द्यावेत, म्हणजे हमालाला ती आडवी टाकताच येणार नाही. जुन्या टफन काचेच्या मधल्या भागावर थाप बसली तर ती सहसा टिकते, पण कडेला टोकदार धक्का बसला तर क्षणात तिचा भुगा होतो. दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, बोनेटवरची चिन्हे यांत जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे पार्ट पुष्कळ असतात. ते ठिसूळ असतात आणि मोडल्यावर त्यांना झाळणे फार जिकिरीचे जाते. म्हणून ते स्वतंत्र डब्यात आणि तो डबा मोठ्या पेटीत, मध्ये सर्व बाजूंनी चार बोटे भराव देऊन ठेवावा. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची टाकी पूर्ण कोरडी करूनच पाठवावी. आत इंधन राहिले तर तो धोकादायक माल ठरतो आणि मग भरपाईचे नावच घ्यायला नको. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडलेले जुने रबर आणि प्लास्टिक वाकडे होते. ते वस्तूच्या मूळ गुणधर्मामुळे झालेले नुकसान धरले जाते, म्हणून असे पार्ट मी पावसाळा सरल्यावरच मागवतो.

गोडाऊनमधला अर्धा तास

आपल्याकडे घरापर्यंत गाडी येत नाही. फोन येतो, आपण तालुक्याच्या गोडाऊनमध्ये जातो आणि तिथला माणूस पावती पुढे करून म्हणतो, "सही करा न भाऊ, मागं गाडी उभी हाये. पेटी तं साबूतच दिसते." हेड आणायला गेलो तेव्हा मी तिथे सही केली, पेटी टेम्पोत टाकली आणि रात्री घरी उघडली. एका कोपऱ्याचा तुकडा, स्टडच्या भोकासकट, पेटीच्या तळाशी सुटा पडला होता. माझी सही मात्र 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली होती.

म्हणून आता मी सही करण्यापूर्वी पुढील क्रम सोडत नाही. आधी पेटीच्या सहाही बाजूंचे फोटो काढतो आणि त्यात बिल्टीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसेल असे पाहतो. कोपरे दबले आहेत का, पट्टी कापून पुन्हा लावली आहे का, ओल लागली आहे का, खिळे नवे दिसतात का, हे बघतो. पेटी हळूच हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकतो. काहीही संशय आला तर तिथेच, त्यांच्या माणसासमोर पेटी उघडण्याची मागणी करतो. याला 'ओपन डिलिव्हरी' म्हणतात. ती नाकारली तर नकाराची नोंद पावतीवर करतो. शेरा मोघम असून चालत नाही. 'तपासून घेण्याच्या अटीवर' या शेऱ्याचा उपयोग होत नाही. 'पेटीचा डावा खालचा कोपरा फुटलेला, आतील वस्तू हलल्याचा आवाज येतो, ओपन डिलिव्हरी मागितली, नाकारली' असा शेरा तारीख आणि वेळेसह दोन्ही प्रतींवर लिहावा आणि आपल्या प्रतीवर त्यांची सही व शिक्का घ्यावा. त्यांनी सही दिली नाही तर त्याच पावतीचा फोटो तिथूनच त्यांच्या शाखेच्या ई-मेलवर पाठवावा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

नुकसान दिसले की वाहतूकदाराकडून डॅमेज सर्टिफिकेट, म्हणजे नुकसान झाल्याचा दाखला मागावा. काही जण त्याला सर्टिफिकेट ऑफ फॅक्ट्स म्हणतात. विमा कंपनी ते मागतेच, आणि पुढे ग्राहक आयोगासमोर वाहतूकदाराची ती स्वतःची कबुली ठरते. कुरिअरचा मुलगा ओटीपी मागतो तेव्हा ओटीपी म्हणजे सहीच आहे, हे लक्षात ठेवून पेटी पाहिल्यावरच तो द्यावा.

तुटलेली कड वाचणे

पेटी उघडताना व्हिडिओ एका सलग चित्रणात हवा: आधी बंद पेटी आणि लेबल, मग पट्टी कापणे, भराव काढणे आणि शेवटी पार्ट. मध्ये थांबवलेला व्हिडिओ शंका निर्माण करतो. मूळ फाइल फोनमधून पुसू नये आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीवर विसंबू नये, कारण तिथे चित्रणाची फाइल दाबून लहान केली जाते आणि मूळ माहिती निघून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यासाठी मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

जुन्या पार्टच्या बाबतीत एक वाद हमखास उद्भवतो: मोड आताची की आधीची? याचे उत्तर धातू स्वतः देतो. ॲल्युमिनियमची ताजी मोड चांदीसारखी करडी आणि दाणेदार दिसते, तिच्या कडा हाताला बोचतात आणि पांढरे फडके फिरवले तर ते स्वच्छ राहते. जुन्या मोडीच्या फटीत तेल मुरून ती काळी पडलेली असते, कडा बोथट झालेल्या असतात आणि कधी पाण्याच्या जाकिटाची (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरते त्या पोकळीची) पांढरी पूड तिथे साचलेली असते. बिडाच्या पार्टमध्ये ताजी मोड राखाडी चमकते आणि जुनीवर गंज चढलेला असतो. मात्र पावसाळी हवेत ताज्या मोडीवरही एका रात्रीत तांबूस छटा येते, म्हणून फोटो त्याच दिवशी, उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत.

हेडला बारीक तडा असेल तर तो डोळ्यांनी दिसत नाही. हिंगणघाटच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला रॉकेलची पद्धत दाखवली. पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावायचे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचे आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरायची. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीत चढते आणि पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटते. ती रेघ कुठून कुठे जाते हे महत्त्वाचे. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधला किंवा सीटपासून स्पार्क प्लगच्या भोकाकडे जाणारा तडा बहुधा इंजिन तापल्याने पडलेला, म्हणजे जुना असतो, आणि वाहतूकदार नेमके हेच म्हणतो. पण ठेच लागून दबलेल्या कोपऱ्यापासून निघालेली आणि आत विरत गेलेली रेघ ही धक्क्याची खूण आहे. ही चाचणी व्हिडिओत घ्यावी, आणि रक्कम मोठी असेल तर नागपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव मुरवून तडा दाखवणारी) करून तिचा लेखी अहवाल घ्यावा.

मागणीचा निकाल लागेपर्यंत खोका, भराव, खिळे, लेबल यांतले काहीही टाकू नये. आमच्या घरी ती पेटी वर्षभर कापसाच्या खोलीत होती आणि आईला तिची अडचण व्हायची, पण पाहणीला येणारा माणूस पार्टइतकेच पेटीकडे पाहतो. दुरुस्तीही सुरू करू नये. फक्त गंजेल असा भाग असेल तर त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि तसे कळवावे, कारण नुकसान वाढू न देणे ही आपली जबाबदारी असते.

१८० दिवसांची नोटीस

२००७ च्या कायद्याचे कलम १६ पाठ करण्यासारखे आहे. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस मिळाली नसेल, तर त्याच्यावर कोणतीही न्यायालयीन कार्यवाही करता येत नाही. मुदत बुकिंगपासून मोजली जाते. माझे हेड वाडीच्या गोडाऊनमध्ये अडीच महिने अडकले होते, मी दिवस मोजले ते माल मिळाल्यापासून, आणि शाखेतल्या तोंडी आश्वासनांवर विसंबून राहिलो. नोटीस गेली तेव्हा मुदत उलटून गेली होती. फोनवरचे बोलणे आणि ॲपवरचा तक्रार क्रमांक यांना नोटीस समजू नये.

नोटीस वाहतूकदाराच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि बुकिंग व डिलिव्हरी या दोन्ही शाखांना स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी पाठवावी, आणि ई-मेलही करावा. मजकूर साधा असावा. मी जाळीसाठी पाठवलेला मजकूर, थोडा बदलून, असा:

'आपल्या … शाखेत दि. … रोजी बिल्टी क्र. … अन्वये बुक केलेली, "फियाट ११०० मोटारीची पुढील जाळी, एक नग, घोषित किंमत रु. …" असे वर्णन असलेली पेटी दि. … रोजी आपल्या … शाखेतून मला मिळाली. पेटीचा कोपरा फुटलेला होता व तसा शेरा डिलिव्हरी पावतीवर केला आहे. जाळीच्या तीन पट्ट्या मुळापासून तुटल्या असून मोड ताजी आहे. बुकिंगपूर्वीचे व उघडतानाचे चित्रण, बिल, पैसे दिल्याचा पुरावा व दुरुस्तीचे दोन अंदाजपत्रक सोबत जोडले आहेत. रस्त्याने मालवाहतूक कायदा, २००७ च्या कलम १६ अन्वये ही नोटीस देत असून रु. … इतकी भरपाई ३० दिवसांत द्यावी. माल व पेटी पाहणीसाठी माझ्याकडे सुरक्षित आहेत.'

रागाची वाक्ये घालू नयेत. आकडे आणि तारखा पुरेशा असतात. याच कायद्यानुसार नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी मोजकी कारणे सोडली तर माल ताब्यात असतानाच्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार असतो, आणि त्या कारणांतही त्याने पुरेशी काळजी घेतली नसेल तर तो सुटत नाही.

विमा

समोरच्या काचेच्या वेळी मी विमा घेतला होता, आणि आता किमती पार्टसाठी तो घेतल्याशिवाय मी बुकिंग करत नाही. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ए, बी आणि सी अशी तीन प्रकारची कलमे असतात. सी मध्ये फक्त आग आणि वीज येते, बी मध्ये गाडी उलटणे, धडकणे, पूल तुटणे असे मोजके अपघात येतात, आणि ए मध्ये अपवाद वगळता सर्व जोखमी येतात. हमालाच्या हातून पेटी पडली तर बी चा उपयोग नाही. आपल्याला ए च हवा. अपवादांमध्ये अपुरी बांधणी, विलंब आणि वस्तूचा मूळ दोष हे असतात. जुन्या मालासाठी गंज, ओरखडे आणि पोचे वगळणारी अट कधी वेगळी घातली जाते, ती आधी विचारून घ्यावी. रक्कम 'मान्य मूल्य', म्हणजे दोघांनी आधीच ठरवलेली किंमत म्हणून पॉलिसीत लिहून घ्यावी, आणि पार्ट जोडीतला असेल, उदाहरणार्थ दोन दिव्यांच्या कड्या, तर एक मोडल्यास एकाचीच भरपाई मिळणार की जोडीची, हेही लिहून घ्यावे.

नुकसान दिसताच विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत पार्ट हलवू नये. विमा आहे म्हणून वाहतूकदाराला नोटीस देणे टाळू नये. विमा कंपनी पैसे दिल्यावर वाहतूकदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क आपल्याकडून लिहून घेते. आपण मुदत चुकवून तो हक्कच घालवला असेल, तर ती आपल्या रकमेत कपात करू शकते.

परदेशातून आलेला पार्ट

इटलीहून किंवा इंग्लंडहून विमानाने आलेल्या मालाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून लागू आहे. माल मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर हक्क जातो आणि दावा दोन वर्षांत करावा लागतो. २८ डिसेंबर २०२४ पासून जबाबदारीची मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून ते एका डॉलरपेक्षा थोडे मोठे असते. दोन किलोच्या कार्ब्युरेटरला ५२ एसडीआर म्हणजे त्याच्या किमतीपुढे काहीच नाही, म्हणून हलक्या आणि महाग पार्टसाठी पाठवणाऱ्याने किंमत विशेष घोषित करणे किंवा विमा घेणे अटळ आहे. समुद्रमार्गे आलेल्या मालात न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांत द्यावी लागते आणि दाव्याला एकच वर्ष असते.

ईबेवरून घेतले असेल तर वाहतूकदाराच्या मागे लागण्यापूर्वी तिथली ३० दिवसांची मुदत वापरावी. पेपलने पैसे दिले असतील तर वाद नोंदवायला पैसे दिल्यापासून १८० दिवस असतात. टपालाने आलेल्या पार्सलची चौकशी बहुधा पाठवणाऱ्याने त्याच्या देशात करायची असते. सीमाशुल्क भरण्याआधीच माल फुटलेला दिसला तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २२ नुसार शुल्कात सवलत मागता येते, आणि विक्रेत्याने मोडका पार्ट परत मागवला तर कलम ७४ नुसार, दोन वर्षांच्या आत आणि ओळख पटवून परत पाठवल्यास, भरलेल्या शुल्काचा ९८ टक्क्यांपर्यंत भाग परत मिळू शकतो.

रेल्वे पार्सलबाबत एवढेच सांगतो, की किंमत घोषित करून टक्केवारीचे शुल्क भरावे, माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत रेल्वे कायद्याच्या कलम १०६ ची लेखी मागणी द्यावी, आणि रेल्वे दावे न्यायाधिकरणाचे खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे.

ग्राहक आयोग

नोटिशीला उत्तर आले नाही, किंवा पाचशे रुपयांचा धनादेश आला, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे चेन्नईच्या वाहतूकदाराविरुद्धही वर्ध्यात किंवा यवतमाळात उभे राहता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. जाळीचे पैसे मला तिथल्याच मध्यस्थीने मिळाले. कलम १६ ची नोटीस मात्र आयोगाकडे जाण्यापूर्वीही दिलेली असावी लागते. पार्टांचा व्यापार करणाऱ्याला हा मार्ग सहसा बंद असतो, स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तर तो अपवाद. इतरांना दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

तडजोड ठरली की एक कागद पुढे येतो. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' अशा त्या कागदावर रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी सही करू नये. मोडलेला पार्ट कोणाकडे राहणार हे त्यातच लिहून घ्यावे. विमा कंपनीसाठी तो भंगार असतो आणि त्याची किरकोळ किंमत वजा करून ती तो आपल्याला ठेवू देते. ती किंमत मान्य करून पार्ट स्वतःकडेच ठेवावा. माझे तुटके हेड नागपूरच्या एका आर्गन वेल्डिंगवाल्याने तो सुटा तुकडा जोडून, पृष्ठभाग पुन्हा घासून दिले, आणि आज ते त्याच गाडीत बसलेले आहे.